हात सैल ठेवा

अदार ४

ताई म्हणाली, "हनमेल, डोक्यात येईल ते सगळं माझ्या कानात ओतण्यापेक्षा लिहून काढत जा. माझे कान तरी वाचतील." म्हणून आजपासून हे. गदल्या मास्तरांनी शाळेतल्या बाद कागदांचा गठ्ठा दिलाय. एका बाजूला पोरांनी गिरवलेली अक्षरं, दुसऱ्या बाजूला मी. पोरांची बाजू जास्त वाचनीय आहे.

मी मेल्यावर हे कोणाच्या हाती लागलंच तर माहीत असावं म्हणून सांगतो. वय सेहेचाळीस, डोक्यावर केस मोजके. अंत्युखियाच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या या गावात, यहुदी मंडळींच्या शुद्धीच्या कुंडाचा मी रखवालदार. पाणी चाळीस मापं भरतंय ना, ते पावसाचं आणि झऱ्याचंच आहे ना, कोणी गाढवाने घागरीने आणून त्यात ओतलं नाही ना, हे बघायचं. बुडी घेणाऱ्याच्या बोटात अंगठी, केसात गाठ, नखात कणीक राहिली तर ती बुडी बाद. पाणी अंगाला सगळीकडे लागलं पाहिजे. बायकांचं बघायला आत ताई असते. मी आडपडद्याबाहेर उभा राहून ओरडतो.

गावात माझ्याइतका बारकाईने बघणारा दुसरा नाही. गावाचंही हेच म्हणणं आहे, फक्त ते म्हणताना त्यांचा चेहरा वेगळा असतो.

अदार ६

आज आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे ताईच्या मंडळींचा. माझी ही थोरली बहीण अखसा नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते. सहा वर्षांपूर्वी ती मार्गवाल्यांत गेली. आपलेच यहुदी, शिवाय आता कितीतरी ग्रीक आणि सिरियन. त्यांचं म्हणणं, मसीहा येऊन गेला, नासरेथचा येशू तोच. त्यांच्यात यायचं तर बाप्तिस्मा घ्यावा लागतो. नदीला गाळ आलाय, म्हणून ही मंडळी तो माझ्या कुंडात घेतात. सभेतले वडीलधारे तेवढ्यापुरते दुसरीकडे बघतात.

मी पडद्याआडून ऐकत होतो. आधी दोन दिवस उपास काय, केस मोकळे काय, अंगावर दागिना नको काय, जिवंत पाणी मिळालं तर उत्तम काय! पाण्यातून वर आलेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या लेकरासारखा, म्हणे. अहो, परक्यांतून आमच्यात येणाऱ्याला माझे आजोबा हेच सांगायचे! मग त्यांचा म्हातारा म्हणाला, "पूर्वज समुद्रातून पार झाले आणि मिसराच्या दास्यातून सुटले, तसे तुम्ही या पाण्यातून सुटलात. तुमच्या सुटकेचं मोल कोणीतरी भरलंय."

मी ताईला म्हटलं, "भाजी आमची, भांडं आमचं, चूल आमची. तुम्ही नुसती फोडणी बदललीत आणि म्हणता नवा पदार्थ!"

ताई म्हणाली, "चव फोडणीचीच असते रे."

आत्ता झकास उत्तर सुचलंय, पण ती बाजारात गेलीय.

अदार ९

एल्नाथानशेठची दासी दिव्यांचं तेल घेऊन आली. शेठचा तेलाचा घाणा आहे, कुंड त्याच्याच वडिलांनी बांधलेलं, त्यामुळे दिवे, तेल, माझी खोली आणि मी, सगळं त्याच्या कृपेने चालतं. दासीचं नाव हदीरा, तदमोरकडची आहे. गेल्या वल्हांडणाच्या सणानंतर शेठने तिला एका सिरियन व्यापाऱ्याकडून विकत घेतली.

तेल ठेवून ती कुंडाकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "दादा, मालकीणबाई म्हणतात, सणाच्या आधी मलाही यात बुडवणार. म्हणजे नक्की काय करणार?"

असा प्रश्न मला कोणी विचारावा! अकरा वर्षांत कोणी विचारला नाही. मी बसलोच. तिला म्हटलं, सणाच्या स्वयंपाकाला हात लावायचा तर दासीलाही आमच्या नियमात यावं लागतं. बुडी घेतली की ती आमच्या घरची दासी होते, पक्की. मग पहिल्या मुलाला याजकाकडून मोल देऊन सोडवून घेतात तेही सांगितलं, कैदेत पडलेल्या यहुद्याला सोडवणं हे कसं मोठं पुण्य तेही सांगितलं.

ती म्हणाली, "आणि माझ्यासारखीला?"

"तू आमची नाहीस ना अजून."

"आणि तुमची झाले की?"

"तेव्हा दासी होऊन झालेली असशील."

तिने मान डोलावली. मला वाटलं, केवढी समजूतदार बाई! दुपार झाली तरी मी बोलत होतो. ती गेल्यावरही थोडा वेळ बोललो.

अदार १५

काल एस्तेर राणीचा सण होता. प्यायलो. आज डोकं घाण्याच्या जात्यात सापडल्यासारखं, आणि नेमकी हदीरा तेल घेऊन आली. तिला बघून डोकं उतरलं हे इथे लिहून ठेवतो, ताईला वाचता येत नाही.

तिने विचारलं, "दादा, बुडीच्या वेळी कोण काय म्हणतं?"

मी म्हटलं, हीच तर गंमत! सगळं त्या शब्दांवर आहे. मूर्तिपूजक मालकाकडून घेतलेली दासी असेल तर त्या मालकाचा हक्क तिच्या हातांच्या कामावर होता, तिच्या अंगावर नव्हता. जे त्याचं नव्हतंच ते तो विकणार कसं? म्हणून नवा यहुदी मालक तिला पाण्यात उतरवतो, घरचं माणूस तिला दाबून धरतं, मालक मोठ्याने म्हणतो, 'दास्यासाठी ही बुडी', आणि मगच ती त्याची होते. बाहेर तीन पुरुष साक्षीला.

"आणि मालकाच्या आधी दासीच काही बोलली तर?"

"म्हणजे 'स्वतंत्र बाई म्हणून मी ही बुडी घेते' असं? मग खेळ खलास! सुटलीच ती. म्हणून तर दाबून धरायचं. पण दाबून धरलं की तिथे पाणी लागत नाही, आणि पाणी लागलं नाही की बुडी बाद! हात सैलच हवा. मोठमोठ्या गुरूंची यावर भांडणं आहेत."

"तुमचं मत काय, दादा?"

माझं मत! सभेत माझं मत विचारलं जातं ते फक्त गळक्या छपराबद्दल. मी म्हटलं, "हात सैल. बाकी जगबुडी झाली तरी चालेल."

अदार २०

आज पुन्हा तेच विचारलं. हात किती सैल? शब्द आधी म्हणायचे की वर आल्यावर? मधल्या दिवसांतही दोनदा आली होती, एकदा तर भर पावसात, म्हणजे ही चौथी खेप. पालथ्या घड्यावर पाणी! पण पालथ्या घड्याचे डोळे फार सुंदर आहेत, आणि खरं सांगायचं तर मला संशय येतोय की तिला उत्तर नको असतं, माझा आवाज हवा असतो. बायका असं काहीतरी निमित्त काढतात म्हणे.

माझ्यानंतर ती ताईशी बोलत बसली. विचारत होती, "ताई, तुमच्या पाण्यात उतरलं की सुटतात ना?"

"सुटतात. आमच्यात दास नाही आणि स्वतंत्र नाही, सगळे एक."

"मग मागच्या वर्षी त्या रंगाऱ्याच्या दासीने घेतला बाप्तिस्मा, ती आता कुठे आहे?"

ताईने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "रंगाऱ्याकडेच आहे. तोही आमच्यातलाच. प्रार्थनेला शेजारी बसतात दोघं, आणि घरी गेल्यावर तीच दळते." आणि मग अगदी हळू म्हणाली, "लाज वाटते ग मला."

मला मजा वाटली. म्हटलं, चला, फोडणी कुठेतरी करपली. मग आठवलं, आमच्याकडेही एल्नाथानशेठ पहिल्या बाकावर बसतो आणि हदीरा तेल वाहते. हसू तिथेच थांबलं.

अदार २४

दाढीला तेल लावलं. ताई म्हणाली, "कोणाचं लग्न आहे?" मी म्हटलं, हवा कोरडी आहे.

हदीरा आली, पण आज काही विचारलं नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "सणानंतर शेठच्या मुलीचं लग्न आहे. मला तिच्याबरोबर सोरला पाठवणार." तिची नऊ वर्षांची मुलगी, शलमा, हमाथला म्हाताऱ्या मावशीकडे आहे. इथून हमाथ नदीकाठाने चार-पाच दिवसांवर. आजवर तिथला कोणी तांड्याबरोबर आला तर निदान निरोप तरी मिळायचा. सोर समुद्रावर. तिथून कसला निरोप आणि कसलं काय.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? मी म्हणालो, "सोर छान शहर आहे. मासे ताजे मिळतात."

मासे ताजे मिळतात! हनमेल, तुझ्या अकलेचे दिवे लावायला शेठच्या घाण्याचं तेल पुरणार नाही.

नीसान ६

अक्षर पोरांच्या बाजूपेक्षा वाईट येतंय. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी शेठ सगळ्या लवाजम्यासह आला. आत कुंडात तीन बायका उतरल्या: हदीरा, तिला धरायला शेठची बायको पेनिनाबाई, आणि बघायला ताई. पडद्याबाहेर आम्ही तीन साक्षीदार: मी, गदल्या मास्तर आणि पलती खाटीक. शेजारी शेठ, नवा अंगरखा, घसा साफ करत, आपल्या वाक्याची वाट बघत.

ताई आतून म्हणाली, "केस मोकळे आहेत. अंगावर काही नाही. पेनिनाबाईंनी दोन्ही दंड धरलेत."

आणि मी ओरडलो. मला काय करायचं होतं? पण अकरा वर्षांची सवय, जित्याची खोड. ओरडलो, "हात सैल! पाणी लागू द्या!"

पेनिनाबाई आतून म्हणाल्या, "सैल म्हणजे किती सैल, हनमेल? शेठ म्हणालेत घट्ट धर."

झालं. कोणी विचारलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. मी म्हटलं, "घट्ट धरून कसं चालेल, बाई? तुमच्या बोटांखाली पाणी जायला नको का? आधी हात काढा, ओले करा, मग अगदी अलगद, जसं अंजीर पिकलंय का बघतो तसं..." शेठ माझ्या अंगरख्याची बाही ओढत होता. मी त्यालाही म्हटलं, "थांबा हो शेठ, हे फार नाजूक असतं."

आतून हदीराचा आवाज आला. स्पष्ट आणि अजिबात घाई नसलेला. "स्वतंत्र बाई म्हणून मी ही बुडी घेते."

मग पाण्याचा आवाज. मग ताईचा, खणखणीत: "पूर्ण! एक केसही वर नाही!"

मग शेठ किंचाळला, "दास्यासाठी! दास्यासाठी ही बुडी!" पण ती तोवर वर येऊन श्वास घेत होती.

आणि मी? मी अजून अंजिराबद्दल बोलत होतो.

नीसान ७

काल वाटलं होतं की मला धक्का बसलाय. आज कळलं की मला राग आलाय. चार वेळा विचारलं ते याच्यासाठी तर! माझा आवाज म्हणे. दाढीला तेल लावलं मी, तेल! गाढवाला निदान माहीत असतं की आपल्यावर ओझं लादलंय.

दुपारी शेठ आला. ओरडला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, "हनमेल, माझ्या वडिलांनी हे कुंड बांधलं. तुझ्या वडिलांनाही आम्हीच ठेवलं होतं. गुरुवारी सभा बसेल. तू एवढंच म्हणायचं की काल कुंडात खोट होती. घागरीचं पाणी पडलं होतं, माप भरत नव्हतं, काहीही. मग बुडी बाद. पुन्हा बुडवू तिला, नीट धरून."

मी म्हटलं, "बघतो."

'बघतो' म्हणजे हो. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

नीसान ८

हदीराला निकालापर्यंत गदल्या मास्तरांच्या बायकोकडे ठेवलंय. मी तिकडून दोनदा गेलो, सहज. ती अंगणात डाळ निवडत होती. तिने मान वर केली. मी ढगांकडे बघितलं. ढग नव्हते.

जेवताना ताई म्हणाली, "शेठ आला होता म्हणे."

"हो."

"पाणी कसं होतं रे त्या दिवशी?"

"कसं म्हणजे? काठोकाठ! झरा असा सुटलाय की यंदासारखं पाणी मी अकरा वर्षांत पाहिलं नाही. तळाचा खडा दिसत होता!"

"मग?"

"मग काय? तिने मला मूर्ख बनवलं, ताई."

ताई हसली नाही. म्हणाली, "ते काम तू एकट्यानेही बरं करतोस. ती आई आहे रे. तिला पोरीकडे जायचंय. माझ्या मंडळींनी तिला शेजारी बसवून घेतलं असतं आणि दळायला परत पाठवलं असतं. तुझ्या त्या किचकट नियमात एक दार निघालं. आता त्याला तूच कडी घालणार का?"

"शेठने काढलं तर राहणार कुठे आपण?"

"ते मला माहीत नाही," ताई म्हणाली, आणि मला आणखी मसूर वाढले.

नीसान ९

सभा भरली. गाव लोटलं होतं. मार्गवालेही दाराशी उभे. पलती खाटकाने साक्ष दिली, "ऐकलं." गदल्या मास्तरांना एका कानाने कमी ऐकू येतं, तेही म्हणाले, "ऐकलं, आणि मुलीचे उच्चार चांगले होते."

मग वडीलधाऱ्यांनी मला विचारलं, "हनमेल, कुंडात काही खोट होती?"

मी शेठकडे बघितलं. तो पाय पसरून बसला होता. मी ठरवून आलो होतो. खरंच सांगतो, इथे कोणाशी खोटं बोलू? ठरवून आलो होतो की म्हणायचं, होती. वाक्य तोंडात तयार होतं: 'कुंडात घागरीचं पाणी पडलं होतं.'

आणि ते निघेना. माझ्या कुंडात? घागरीचं पाणी? मी असताना? लोक काय म्हणतील! हदीरासाठी नाही, न्यायासाठी नाही, नुसता माज. मी म्हणालो, "खोट? माझ्या कुंडात?"

शेठ म्हणाला, "आठव नीट. पडलं असेल थोडं."

मग मात्र माझा पट्टा सुटला. म्हटलं, "शेठ, घागरीचं पाणी पडलं असेल तर ते पुढच्या पावसाशिवाय आपोआप निघत नाही. मग पेनिनाबाई त्याच कुंडात आदल्या दिवशी उतरल्या, त्या अजून अशुद्ध. तुम्ही त्यांच्या हातचं जेवलात, तुम्हीही गेलात. सभाप्रमुखांच्या सुनेची लग्नाची बुडी गेली, म्हणजे तिचा संसार पहिल्यापासून बघावा लागेल. पलतीची बायको, मास्तरांची मुलगी... सांगा, कोणापासून सुरू करू?"

पहिल्या बाकावरचे सगळे आपापल्या बायकांच्या बुडीचे दिवस आठवत होते. दारातून मार्गवाल्यांचा म्हातारा घाबरून म्हणाला, "आणि आमचे अकरा जण?"

"तुमचेही गेले!" मी म्हटलं. "पाणी एकच आहे हो, तुमचं आणि आमचं!"

सभाप्रमुख घाईघाईने उठून म्हणाले, "कुंड शुद्ध होतं. बुडी पक्की. बाई स्वतंत्र."

बायकांच्या बाजूने कोणीतरी रडलं. ती हदीरा असेल म्हणून मी बघितलं, तर ताई होती.

नीसान २३

सण संपला. वल्हांडणाच्या जेवणात दरवर्षी म्हणतो तेच म्हटलं, 'मिसरात आम्ही दास होतो.' यंदा 'आम्ही' म्हणताना अडखळलो. शेठने सणभर थांबून, शिष्टाचार पाळून, मग काढलं. महिनाअखेर खोली रिकामी करायची. ताईच्या मंडळींनी वखारीमागची एक जागा दाखवलीय. माझ्या जागी शेठचा भाचा येणार. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, कुंडात मासे का नाहीत?

आज सकाळी हमाथचा तांडा निघाला. हदीरा निरोप घ्यायला आली. डोक्यावर गाठोडं, त्यात ताईने भाकरी बांधलेल्या. मी ठरवलं होतं की मोठ्या मनाने वागायचं, म्हणून म्हटलं, "तू मला मूर्ख बनवलंस, पण असू दे. मी त्या दिवशी ओरडलो ते सवयीने. उगाच उपकार मानू नकोस."

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"दादा, नियम तुम्ही पहिल्याच खेपेला नीट समजावला होता. पुढच्या तीन खेपा मी नियम विचारायला आलेच नव्हते."

मूर्खाला आशा लवकर सुटत नाही.

"मग?"

"तुम्हाला बघायला. दरवेळी कोणीतरी मध्ये यायचं. एकदा पेनिनाबाईंचा निरोप्या, एकदा मास्तर, एकदा पाऊस. आणि दरवेळी 'हात सैल' निघालं की तुम्ही कोणाचं ऐकायचा नाहीत. बाई माझे दंड घट्ट धरणार हे मला माहीत होतं. शेठची घाई माहीत होती. या गावात मला एकाच गोष्टीचा भरवसा होता, की तुम्हाला गप्प बसता येणार नाही."

मग ती वाकली, माझा हात तिने डोळ्यांना लावला, आणि हाक आली तशी तांड्याकडे निघाली.

मला कितीतरी सांगायचं होतं. रस्त्यात कुठे मुक्काम करावा, कुठलं पाणी प्यावं, शलमाला काय म्हणावं. एक शब्द फुटला नाही.

ताई दारातून म्हणाली, "बोल की रे काहीतरी! गेली ती."

मी नुसता हात हलवत उभा होतो. तांडा नदीच्या वळणापलीकडे गेला तरी मी हलवतच होतो.